रिंगची खालची बाजू

"हेड सरळ हाय, शेठ. बाईच वाकडी हाय."

मेस्त्री हे माझ्या तोंडावर बोलला असता तर मी तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं आणि विषय मिटला असता. पण तो बोलला मालकांच्या केबिनमध्ये, दार अर्धं उघडं ठेवून, आणि मी बाहेर नळावर हात धूत होते. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. सासूबाई म्हणतात, हिच्या नाकावर माशी बसत नाही. नाही बसत तर नाही बसत! माशीला बसायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

रोह्याच्या एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप छोटं आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक मिलिंग मशीन, आणि पत्र्याच्या शेडखाली भाजून निघणारी सहा माणसं. मालक रोह्याचेच, कोकणी मुसलमान, बारा वर्षं कुवेतच्या वर्कशॉपमध्ये काढून आलेले. बाकीचे त्यांना शेठ म्हणतात, मी चाचा म्हणते. मेस्त्री साठीला टेकलेला, चाचांनी शटर उघडलं त्या दिवसापासून इथंच. आणि मिलिंग मशीनवर मी. मशिनिस्टचा कोर्स मी लग्नाआधी आयटीआयमधून केला होता, वर्गात मुलगी एकटी मीच. नवरा डोलवीच्या स्टील कारखान्यात ठेक्यावर कामाला होता. तो काविळीनं गेला तेव्हा मुलगी तिसरीत होती. तेरावं झाल्यावर नातेवाईक म्हणाले, एखाद्या शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळतंय का बघ. मी ट्रंकेतून आयटीआयचं सर्टिफिकेट काढलं आणि पेणला रामवाडीच्या स्टँडवरून रोह्याची एसटी पकडली. त्याला आता सहा वर्षं झाली. खिचडी मी घरी करते, आणि तीही बरी होते.

हेड म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझं भांडण कशावरून होतं हे कळायचं नाही. मिलिंग मशीनला खाली लोखंडी टेबल असतं. त्यावर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, घट्ट बांधायचा. वर हेड, हेडमधून खाली आलेला स्पिंडल, स्पिंडलला कटर. कटर फिरतो, टेबल सरकतं, आणि बिडाची खडबडीत प्लेट सपाट होत जाते. तिरकं काम आलं की हे हेड डावीकडे-उजवीकडे कलवता येतं. काम झालं की परत सरळ करायचं. सरळ म्हणजे टेबलाशी अगदी काटकोनात. हेडवर अंशांच्या खुणा कोरलेल्या असतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवणं म्हणजे घड्याळ बघून भात उतरवणं. कधी जमतो, कधी करपतो. केसभर कल राहिला तरी शेजारी-शेजारी घेतलेल्या दोन कटांमध्ये पायरी पडते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण नख फिरवलं की अडतं.

मेस्त्रीची जुनी रीत डायलची. स्पिंडलला एक वाकडी सळई बांधायची, तिच्या टोकाला काट्याचा डायल, आणि स्पिंडल हातानं फिरवायचा. डावीकडे काटा किती दाखवतो, उजवीकडे किती, ते बघायचं. फरक असला की हेडचे नट ढिले करायचे, रबरी हातोडीनं एक टिचकी द्यायची, पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं. जमलं म्हणून नट आवळावेत, तर आवळता-आवळता हेड पुन्हा जरासं सरकतं. तास-दीड तास सहज जायचा. त्या वेळात मेस्त्री कुणाला जवळ फिरकू द्यायचा नाही. "सेटिंग माझं, मशीन तुझं," अशी वाटणी त्यानं पहिल्याच दिवशी करून टाकली होती. मला डायल येतो, मी शिकलेय, असं मी म्हटलं तर म्हणाला, "शाळेत शिकलीस गो. हितं शाळा नाय."

मग गेल्या वर्षी गणपतीच्या आधी चाचा भाच्याच्या लग्नाला कुवेतला गेले आणि येताना इलेक्ट्रॉनिक साधनाची पेटी घेऊन आले. आत एक आडवा दांडा. त्याच्या मधोमध वर निघालेला खुंट, तो स्पिंडलमध्ये धरायचा. दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक इलेक्ट्रॉनिक डायल, प्रत्येकाला खाली आत-बाहेर होणारं बारीक नाक. मध्ये छोटा स्क्रीन. स्क्रीनवर तीन आकडे: डाव्याचा, उजव्याचा, आणि दोघांतला फरक. सगळं मायक्रॉनमध्ये. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर, आणि डोक्यावरचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉनचा. सोबत वीतभर रुंदीची जाड स्टीलची रिंग, वरून-खालून सारखीच चकचकीत घासलेली. टेबलाला लांब खाचा असतात, नाक खाचेत पडलं तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून टेबलावर रिंग ठेवायची आणि दोन्ही नाकं रिंगवर टेकवायची.

पण त्याआधी दोघांना शून्य शिकवावं लागतं, आणि मेस्त्री नेमका तिथंच अडला. तो डावं नाक डावीकडे टेकवून शून्य करायचा, उजवं उजवीकडे टेकवून शून्य करायचा. मग हेड कसंही वाकडं असो, स्क्रीन म्हणणार शून्य-शून्य! अहो, करायचं असं की डावं नाक रिंगवर एका खुणेवर टेकवून शून्य करायचं, मग स्पिंडल अर्धा वेढा फिरवून उजवं नाक त्याच खुणेवर आणून त्यालाही शून्य करायचं. दोघांचं शून्य एकाच जागेचं. त्यानंतर दांडा आडवा धरला की जो फरक दिसेल तेवढा हेडचा कल. नट ढिले करून हेडला टिचकी मारली की फरकाचा आकडा डोळ्यांसमोर उतरत जातो. परत-परत फिरवून बघायची कटकट नाही. आवळताना सरकलं तर तेही तिथल्या तिथं दिसतं. दहा मिनिटांचं काम.

मेस्त्रीला हे समजायला चार दिवस लागले, मला चार मिनिटं. ही फुशारकी वाटत असेल तर ती आहेच. माझे वडील पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. ते सांगायचे, एक डोळा बघून दुसरा काढू नये. दोन्ही डोळे मधल्या रेघेवरून काढावेत, नाहीतर एकाची चूक दुसऱ्यात जाते. मी मेस्त्रीला खुणेचं हे दाखवलं तेव्हा तो "माहीत हाय, माहीत हाय" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून गुपचूप तसंच करायला लागला. पेटी मात्र स्वतःच्या कपाटात ठेवली, कुलूप लावून. एवढं म्हातारं माणूस, पण नवं खेळणं मिळाल्यासारखं जपायचं.

दीड महिना सगळं झकास चाललं. मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनं पुसून, तेल लावून, झेंडूच्या माळा घालून पुजतात. मेस्त्री हळद-कुंकवाचं ताट घेऊन एकेका मशीनपाशी जातो. चाचा चपला काढून बाजूला उभे राहतात आणि नंतर पेढे वाटतात. मला त्या वेळी कुणी "येऊ नको" म्हणालं नव्हतं. असं तोंडानं कुणी म्हणत नाही. फक्त ताट विधवेपर्यंत आलं की आपोआप वळतं. माझ्याच मशीनची पूजा, रोज मी पुसते, मी तेल देते, आणि त्या दिवशी मी बाहेर नळावर चहाचे कप विसळत होते. कप स्वच्छ होते तरी विसळत होते. पाच वर्षं तेच केलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? देवावर राग नव्हता. माणसांवर होता, आणि त्याहून जास्त माझ्या त्या कप विसळण्यावर होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका तिरक्या कामासाठी हेड कलवलं होतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी मेस्त्रीनं कपाटातून पेटी काढून हेड सरळ केलं. मी आले तेव्हा त्याचं आवरलं होतं. स्क्रीनवर फरक शून्य, मी स्वतः बघितला. मग मी पंपाच्या बैठकांच्या प्लेटी लावल्या. टेबल पुढं-मागं चालवत शेजारी-शेजारी तीन कट, अशा आठ प्लेटी. चौथ्या दिवशी पंपाच्या कंपनीचा माणूस आठच्या आठ परत घेऊन आला. प्रत्येकीवर दोन पायऱ्या. मी नख फिरवलं. पायऱ्या होत्या.

मेस्त्रीनं पुन्हा पेटी काढली, पुन्हा अगदी तसंच लावून बघितलं. मी तेव्हा कंपनीच्या माणसाच्या तोंडाला तोंड देत होते. मेस्त्रीनं चाचांना हाक मारून स्क्रीन दाखवला. शून्य. मग दोघं केबिनमध्ये गेले आणि मी वर सांगितलं ते वाक्य माझ्या कानावर पडलं. पुढचंही ऐकलं. "प्लेटीखाली कीस राहिला असंल नायतर बांधणी ढिली असंल. लेथवाल्या पोराला मिलिंगवर घेऊया. हिला बसवा बाकावर कानस घेऊन, प्लेटींच्या धारा मोडंल." आणि मग आवाज खाली घेऊन, "पूजेनंतरचा पयला कट हिच्या हातचा झाला, शेठ. मी काय बोलत नाय, पण झाला."

बोलत नाय म्हणे! सगळं बोलून वर बोलत नाय!

मी हात न पुसताच केबिनमध्ये गेले. चाचांचा चेहरा उतरलेला होता. ते म्हणाले, "बेटी, कंपनी पुढचा लॉट सोमवारी बघणार. तो पण असाच गेला तर काम दुसरीकडं जाईल. मी काय करू, तूच सांग."

म्हणजे सोमवारनंतर मिलिंग मशीन माझं नाही, हे ठरल्यातच जमा होतं. मला पगाराची भीती नव्हती. कानस घासायला बसवलं तरी पगार तेवढाच दिला असता, चाचा तसे नाहीत. पण हे मशीन मी कुणाच्या मेहेरबानीनं मिळवलं नव्हतं. ते गेलं असतं तर सगळ्यांना वर्षानुवर्षं जे म्हणायचं होतं ते म्हणायला मोकळीक मिळाली असती, की बाईच्या हाताला यश नाही.

"एक तास द्या," मी म्हटलं. "मेस्त्रींच्या समोर बघते. चूक माझी निघाली तर कानस मी स्वतः उचलीन."

"काय बघणार हायेस?" मेस्त्री म्हणाला. "स्क्रीनवर शून्य हाय."

"स्क्रीन नाही बघणार. तुमचा जुना डायल द्या."

माझ्यासारखीनं डायल मागावा, हे त्याला झेपेना. चाचांनी मान हलवली तेव्हा त्यानं खणातून तो काढून दिला, फडक्यात गुंडाळलेला, काच पिवळी पडलेला.

मी टेबल रॉकेलनं पुसलं, तळव्यानं चाचपून बघितलं. सळई बांधली, डायल लावला, नाक थेट टेबलावर टेकवलं. रिंग नाही, काही नाही. स्पिंडल हातानं फिरवत नेला. खाच आली की नाक बोटानं उचलायचं, पलीकडे हळू सोडायचं. हे आयटीआयच्या सरांनी आम्हाला इतक्यांदा करायला लावलं होतं की झोपेतही जमावं. डावीकडे काटा शून्यावर. उजवीकडे आठ घरं पुढं. एक घर दहा मायक्रॉनचं, म्हणजे ऐंशी. पुन्हा फिरवलं, पुन्हा आठ. तिसऱ्यांदा मी मेस्त्रीला म्हटलं, "तुम्ही फिरवा." त्यानं फिरवलं. आठ.

"म्हंजी स्क्रीन खोटा?" चाचा म्हणाले. त्यांना त्या साधनाचं वाईट वाटत होतं, एवढं लांबून आणलेलं.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण दीड महिना त्याच स्क्रीननं बरोबर दाखवलं होतं. मशीन तेच, दांडा तोच, खुणेची रीत मीच शिकवलेली. डायल टेबलाला विचारत होता आणि स्क्रीन रिंगला विचारत होता. दोघं वेगळं सांगत असतील तर मधे उरते फक्त रिंग.

"मेस्त्री, पेटी आणा. आणि नेहमी लावता तसंच सगळं लावा."

त्यानं कपाट उघडलं. रिंग लाल फडक्यात गुंडाळून ठेवली होती. पूर्वी ती पेटीतल्या खाचेत असायची. त्यानं फडकं सोडलं, रिंग दोन्ही हातांनी धरली आणि टेबलावर ठेवण्याआधी उलटी केली.

"उलटी का केलीत?"

"दोन्ही बाजू सारख्याच हायेत."

"सारख्या आहेत तर उलटी का केलीत?"

मी रिंग त्याच्या हातातून घेतली आणि खालची बाजू उजेडात धरली. कडेला कुंकवाचं बोट होतं. हळद, कुंकू, तेल कालवून लावलेलं, वाळून घट्ट झालेलं. नवं साधन, त्याचा पहिला दसरा. त्यानं मोठ्या श्रद्धेनं त्यालाही कुंकू लावलं होतं. रिंगला मध्य नाही, पोकळ आहे, म्हणून लावलं कडेला. आणि मग सेटिंगच्या वेळी त्याच्या जिवाला लागलं असणार, की पूजेच्या कुंकवावरून पोलादाचं नाक कसं फिरवायचं? ते खरवडलं जाईल. पुसायचं तर त्याहून नको. म्हणून त्यानं रिंग उलटी केली. एका कडेखाली कुंकू, दुसऱ्या कडेखाली काही नाही. रिंग कललेली बसली, हेड त्या कललेल्या रिंगशी इमानानं काटकोनात लागलं, आणि स्क्रीननं खरं तेच सांगितलं. शून्य.

मला हसूही आलं आणि संतापही. आठ प्लेटी, कंपनीच्या माणसाची बोलणी, केबिनमधलं ते वाक्य, आणि कारण काय, तर ज्या पूजेला मला उभं केलं नाही त्या पूजेचं कुंकू! मी तिथं उभी असते तर रिंगला बोट लागताना बघितलं असतं आणि तेव्हाच ओरडले असते.

मी रॉकेलचं फडकं उचललं. मेस्त्री पुढं झाला. "थांब गो. तू नको पुसूस."

"का नको?"

"पूजेचं हाय ते." मग चाचरत म्हणाला, "बाईमाणसानं कुंकू पुसू नये."

माझा आवाज तेव्हा शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला असणार, कारण दोन्ही लेथ बंद झाल्या. "माझं पुसलं तेव्हा कुणी थांब म्हणालं नाही, मेस्त्री! बायांनी धरून पुसलं. तेव्हा चाललं सगळ्यांना. आता ह्या लोखंडाच्या कड्याचं मी पुसलं तर काय होणार आहे? आणि ऐकून ठेवा. पुढच्या दसऱ्याला मी नळावर जाणार नाही. माझ्या मशीनला मी पुजणार."

आणि पुसलं. तीनदा रॉकेलनं, मग कोरड्या फडक्यानं.

रिंग ठेवली, दोन्ही नाकं एका खुणेवर शून्य केली, दांडा आडवा आणला. फरक अठ्ठ्याहत्तर. डायलच्या आठ घरांच्या जवळपास तेवढाच. मी नट ढिले केले. "आकडा वाचा," मेस्त्रीला म्हटलं. मी टिचकी मारत होते आणि तो चष्मा कपाळावर ढकलून वाचत होता. "साठ. एकेचाळीस. सतरा. हळू गो. नऊ. चार." नट आवळताना बारावर गेलं, पुन्हा सैल केलं, पुन्हा आवळलं. दोनवर थांबलं. दोन चालतं. मग त्या परत आलेल्या प्लेटींतली एक बांधून तीन कट घेतले. मेस्त्रीनं तिच्यावरून नख फिरवलं, एका दिशेनं, मग दुसऱ्या दिशेनं, मग डोळे मिटून. नख कुठंच अडलं नाही. आठपैकी सहा प्लेटी पुन्हा हलका कट घेऊन वाचल्या, दोन भंगारात गेल्या. सोमवारचा लॉट पास झाला आणि मशीन माझ्याकडे राहिलं. मेस्त्रीनं माफी मागितली नाही. कपाटाची दुसरी किल्ली माझ्या डब्याशेजारी ठेवून तो जेवायला गेला.

यंदाच्या दसऱ्याला मी पेणच्या बाजारातून झेंडू घेऊन सकाळच्या एसटीनं गेले. माळ स्वतः ओवली, मशीनला घातली आणि मशीनशेजारीच उभी राहिले. नळाकडे बघितलंसुद्धा नाही. पाय हलवले नाहीत. मेस्त्री ताट घेऊन लेथपाशी गेला, दुसऱ्या लेथपाशी, ड्रिलपाशी. मग माझ्यापाशी आला आणि थांबला. मी कुणाला विचारलं नाही. ताटात बोट बुडवलं आणि मशीनच्या खांबाला, जिथं कुठलंच नाक कधी टेकत नाही अशा जागी, कुंकू लावलं. साधनाच्या पेटीला लावलं ते झाकणावर, बाहेरून. मागं कुणीतरी घसा खाकरला. खाकरू दे.

आता ताट पुढं जाईल असं वाटलं, पण मेस्त्री हलेना. दोन्ही हातांत ताट, डोळे माझ्या बोटावर. मग त्यानं ताट एका हातावर घेतलं, टोपी काढून काखेत धरली आणि कपाळ माझ्यापुढं वाकवलं.

चाचा चपला काढून उभे होते. मी रडले असते तर मेस्त्रीला तेच आवडलं असतं.

"वाकू नका, मेस्त्री, सरळ उभे राहा," मी म्हटलं. "टिळा वाकडा गेला तर पुन्हा माझ्याच नावानं ओरडाल."